विंगेतली आगगाडी

दसरा चौकातल्या हॉलमध्ये रशियन सिनेमा लावलेला.
खालच्या ओळी बिघडल्या,
अक्षरांच्या जागी नुसते चौकोन.
पाचसहाजण उठून गेले.
मी बसून राहिलो. मला गोष्ट पाठ होती.

सत्त्याऐंशी साली राज्य नाट्य स्पर्धेला
हेच नाटक आम्ही मराठीतून केलेलं.
नताशाची नलिनी झाली.
बर्फाचं काय करायचं ते कळेना,
मग इंगवले सरांनी वाक्य घातलं :
“बाहेर धुकं किती पडलंय!”

नलिनी करायची कुमुद दळवी.
मी उद्यमनगरात टर्नर. मला पार्ट नव्हता.
मी आगगाडी होतो.
चाळणीत खडी, एक पत्रा,
आणि लेथवर स्वतः कातलेली पितळी शिट्टी.

तिसऱ्या अंकात तो निघून जातो.
ती खिडकीशी येते, विंगेकडं बघते.
विंगेत मी, घामेजलेला.
महिनाभर तालमी, चार प्रयोग,
ती ज्याला जाताना बघायची
तो कुठंच जात नव्हता.

शेवटच्या प्रयोगाला
मी शिट्टी उशिरा वाजवली.
मुद्दाम.
ती बघत राहिली. अख्खं थिएटर थांबलं.
कुणीतरी खोकलं.
मग मी गाडी सोडली.

परीक्षकांनी लिहिलं, ध्वनिसंयोजन सदोष.

रात्री गंगावेशीत कट्ट्यावर धारोष्ण दूध पिताना
ओठावरचा फेस पुसत कुमुद म्हणाली,
“आज गाडी लेट का रे?”
“सिग्नल नव्हता,” म्हटलं.
ती हसली. ग्लास परत दिला.
वैशाखात लग्न होऊन बार्शीला गेली.
आमच्या गावात रूळ संपतात.
इथून गाडी एकाच बाजूला जाते.
मी स्टेशनवर गेलो नाही.

आणि आता हा कॅमेरा
सरळ खिडकीच्या पलीकडं गेला,
जिथं नाटक कधीच गेलं नव्हतं.
खरं स्टेशन. खरा बर्फ. लांबलचक काळी गाडी.
मला वाटलं, विंगेत कुणीतरी दिसेल,
चाळणी घेतलेला.
कुणी नव्हतं.
गाडी हलली, आणि त्यांनी आवाजच काढून टाकलेला.
काचेवर फक्त तिचा श्वास धरत होता, विरत होता.

अंधारात माझं मनगट
आपसूक हलायला लागलं.
शेजारच्या बाईनं पर्स जवळ ओढली.

दिवे लागल्यावर सोसायटीचा पोरगा दाराशी
ज्याची त्याची माफी मागत होता.
“काका, काही कळलं का हो?”

म्हटलं, गाडी वेळेवर सुटली.