आल्या पावली

क्लाक्सविकच्या धक्क्याला लागून, मासळीच्या शीतगृहावरच्या खोलीत
आम्ही फेरीबोटीचं ॲप बांधत होतो, मी आणि रोई.
पडद्याच्या तळाशी चार चिन्हं,
फेऱ्या, नकाशा, तिकिटं, हवामान,
पाण्याकडे तोंड करून बसलेल्या नौकाघरांसारखी.

रोई म्हणायचा, पट्टी म्हणजे किनारा.
कितीही आत गेलं तरी दिसत राहिला पाहिजे.
मी म्हणायची, तिकीट दाखवताना नको.
रॅम्पवर वारा असतो, कडेवर मूल असतं,
बोट भलत्याच चिन्हावर पडतं
आणि माणूस तिकिटाऐवजी
काल्सॉयचा नकाशा पुढे करून उभा राहतो.
भांडून भांडून मी जिंकले.
तिकिटाच्या पडद्यावर पट्टी लपवली.
एक ओळ. खरं तर अर्धीच.

फेब्रुवारीत दॉन्याल आला, फोन हाताळून बघायला.
तीस वर्षं बोटीवर दोर ओढलेला माणूस.
उजव्या अंगठ्याचं वरचं पेर
विंचने कधीच नेलेलं.
तो आत गेला, तिकीट बघितलं,
मग कडेवरून अंगठा सरकवत मागे फिरला,
आणि अंगठा मध्येच संपला.
पडदा अर्धा उघडला, क्षणभर थबकला,
पुन्हा मिटला.
दुसऱ्यांदा त्याने तर्जनीने ओढला.
फेऱ्यांची यादी आली,
पट्टी आली नाही.

"आत आहे का बाहेर आहे मी?" त्याने विचारलं.
बाहेरच होता.
पण तळाशी नुसतं पांढरं.
ना नकाशा, ना हवामान.
पट्टीने आम्हा तिघांनाही अंगठा दाखवला होता.

"ॲप बंद करून पुन्हा उघडा," रोई म्हणाला.
दॉन्यालने त्याच्याकडे असं पाहिलं,
जसं कुणी सांगावं, दोर गुंतलाय ना,
मग बोट बुडवा आणि दुसरी आणा.

त्या रात्री मी एकटीच बसले.
खाली शीतगृहाचा पंखा घरघरत होता.
पाचशेवेळा अर्ध्यावर गेले, अर्ध्यावरून परतले.
पूर्ण जाणारे आणि पूर्ण येणारे, एवढेच
धरून चाललो होतो आम्ही.
मन बदलणारे धरलेच नव्हते.

आणि चूक सापडली ती अशी:
निघणारा पडदा निघता निघताच
पट्टीचा निकाल लावून मोकळा होत होता.
तो खरंच गेला की उंबऱ्यातून मागे वळला,
हे कुणी विचारतच नव्हतं.
निघणाऱ्याने "जातो" म्हणू नये, "येतो" म्हणावं,
आणि दिवा ठेवायचा की मालवायचा
ते जो घरात आहे त्याने ठरवावं.
मी ते काम निघणाऱ्याकडून काढून घेतलं.
जो वर उभा आहे, पुरता उभा आहे,
पट्टी त्याची.

तेवढ्यावर थांबले नाही.
चारही चिन्हांना आपापली वाट दिली.
नकाशात तिसऱ्या बेटापर्यंत गेलेला माणूस
मध्येच हवामान बघून आला,
तर तिसरं बेट तिथेच असावं,
त्याला पुन्हा पहिल्या धक्क्यावर उतरवू नये.
आणि कंटाळाच आला, तर त्याच चिन्हावर
पुन्हा एकदा टेकवावं बोट,
सगळं मागे टाकून मुळाशी.

हे लिहिताना उगाच आठवला
कोपनहेगनला गेलेला माझा भाऊ.
त्याच्या खोलीतला बुद्धिबळाचा पट
आईने अजून पुसलेला नाही.
काळ्याची खेळी बाकी आहे.

सकाळी रॅम्पवर धुकं.
मी फोन दॉन्यालच्या हातात दिला.
तो आत गेला. तोच अंगठा सरकवला,
संपला. पडदा मिटला.
मग तर्जनी.
यादी आली, आणि तिच्याबरोबर,
भरतीला ओंडका वर यावा तशी,
पट्टी.

"हं," तो म्हणाला.
तेवढंच.
बोटीचा भोंगा झाला, गाड्या हलल्या,
फोन परत देता देता थांबला,
शेवटच्या चिन्हाकडे डोळे बारीक करून बघू लागला.

"हवामानाला सूर्य कुणी काढलाय?
इथला आहे का तो?"