दुसऱ्या सामन्याचा चेंडू

मी स्कोअरर. गोदीतल्या एका कंपनीच्या संघाचा,
एकोणीस वर्षं. पेन्सिल कानामागे, रबर खिशात.
मोरेश्वर तळपदे माझ्या वहीत फारसा सापडणार नाही:
फलंदाजीला नववा, गोलंदाजी नाही,
कागदोपत्री बिल खात्यात कारकून,
खरा पगार सीमारेषेवर उभं राहण्याचा.

क्रॉस मैदानात एकाच वेळी आठ-दहा सामने.
आमची सीमारेषा म्हणजे शेजारच्यांची स्लिप,
त्यांच्या पंचाच्या पाठीला आमच्या तळपदेची पाठ.
गोलंदाज निघाला की हाही चार पावलं पुढे यायचा,
प्रत्येक चेंडूला. दिवसाला पाचशे वेळा.
वाचवलेल्या धावांना वहीत रकाना नसतो.
मी एकदा समासात मांडून ठेवल्या: चोवीस.
कप्तान म्हणाला, हे काय खरडलंयस?

मग तो शनिवार.
आवाज आला, बॅटच्या मधोमध लागल्याचा.
तळपदे गर्रकन वळला, धोबीतलावाच्या बाजूला पळत सुटला,
कुणाची तरी खेळपट्टी ओलांडून
हवेत आडवा झाला
आणि उजव्या खांद्यावर आपटला.
चेंडू हातात.
चेंडू आमचा नव्हता.
त्या फलंदाजाला कुणी बाद दिलं नाही.
मी तरी कुठे लिहू? आमचा गोलंदाज अजून
बुटाची नाडी बांधत होता.

खांदा पुन्हा वर गेला नाही.
साहेबांनी त्याला दोन वर्षं बिलांत बसवलं,
नंतर संध्याकाळची पोरं सोपवली.

आता तो डाव्या हातात बॅट धरून झेल उडवतो.
म्हणतो, डोळे नंतर, आधी कान.
कड लागली तर वाळकी काडी मोडते,
मधोमध लागला तर नारळ फुटतो.
पोरं फिदीफिदी हसतात.
एकालाही क्षेत्ररक्षक व्हायचं नाहीये.
त्याला ठाऊक आहे. तो पुढचा चेंडू उडवतो.

काल उजेड जाता जाता
आग्रीपाड्याचा बारका इम्तियाज
शेजारच्या सामन्यातल्या चेंडूमागे सुटला.
सगळे ओरडले, अरे, आपला नाहीये तो!
मी तळपदेकडे बघितलं.
त्याने उजवा हात उचलला, कोपरापर्यंतच आला.
"घे आधी," तो ओरडला,
"कुणाचा ते मागाहून विचार."

मी वही उघडली.
पेन्सिल कानामागेच होती,
मी खिसे चाचपत राहिलो.