गुरुवारचा भाव

टिमारूच्या बोल्स क्लबात, मागच्या खोलीत,
मोडक्या खुर्च्या आणि जुन्या ढाली ठेवतात तिथं
दर गुरुवारी आम्ही चौघं बसायचो.
कंपनी एकच. ब्रॅकन टॅग.
मेंढ्यांच्या कानात टोचायचे बिल्ले करायची,
पिवळे, निळे,
आणि एक गुलाबी, जो कधी फारसा खपलाच नाही.

ऑकलंडच्या दलालांच्या खिजगणतीतही नव्हती ती.
वर्षाकाठी एक अहवाल, अकरा पानी,
शेवटच्या पानावर दर वर्षी तीच मेंढी.

मी पियानो लावायचो, चाळीस वर्षं.
तार सरकली हे कानाच्याही आधी
मनगटाला कळतं.
एक डॉलर अकरा. एक डॉलर बारा.
पुन्हा अकरा. मग तेरा.
भाव चढायचा तो
रात्री उशिरा घरी आलेल्या पोरासारखा,
करकरणारी पायरी नेमकी टाळून.

मोआना टिपेने डायलिसिसची नर्स होती.
महिन्यातून एकदा फाटकासमोर गाडी लावून
सँडविच खात ट्रक मोजायची.
"सतरा," असं सांगायची
की वाटावं, रक्तदाब सांगतेय.
कॉर व्हेरहूफची पाठ मेंढ्या कातरण्यात गेलेली.
तो खिशातून एखादा चावलेला बिल्ला काढायचा,
स्वतः पुन्हा चावून दाखवायचा.
"तुटत नाही," म्हणायचा. हे त्याचं संशोधन.
आणि फर्गस ग्रीव्ह,
हिरव्या शाईचं पेन, पट्टीनं आखलेली वही,
तारीख, भाव, आणि शेऱ्याच्या रकान्यात
बहुतेक वेळा: वारा.

कुणाकडे किती शेअर, हे कुणी विचारायचं नाही.
पगार, वजन आणि मत
यांच्याच पंगतीतली गोष्ट ती.
बाहेर कुठं चकार शब्द काढायचा नाही,
आणि आतून प्रत्येकाला वाटायचं,
एकदा तरी कुणीतरी हिच्याकडे बघावं.

बघितलं.
जुलैतल्या एका सकाळी, गवतावर हिमाचा पापुद्रा असताना
मेलबर्नच्या कुणा बड्या धेंडानं
सगळी कंपनीच मागितली.
काल दोन नव्वद. आज चार साठ.
जिना नाही, पायरी नाही.

त्या गुरुवारी पहिल्यांदाच आकडे बोलले गेले.
मोआनाचं छप्पर होणार होतं, पत्र्यासकट.
कॉर नऊ हजार म्हणाला आणि लाजला.
मी माझे सांगितले; जरा कमीच सांगितले.
फर्गस वहीची पानं मागं मागं उलटत गेला,
एका ओळीवर बोट ठेवून थांबला.
एक डॉलर चाळीस. शेरा: वारा नाही.
"इथं विकले. सगळे.
जोनच्या डोळ्यांसाठी.
सरकारी रांग दीड वर्षाची होती."

त्यानंतरची सहा वर्षं आम्ही बघत होतो,
हिरवी, आखीव, एकही गुरुवार न चुकलेली.

"मग लिहीत कशाला राहिलास?" कॉरनं विचारलं,
थोडं रागावूनच,
आपल्यालाच कुणी फसवल्यासारखं.
फर्गसनं पेनाला टोपण लावलं.
"शेअर विकले होते. गुरुवार नाही."

मोआना उठली, किटली लावली.
बराच वेळ तिचाच आवाज.
मला तो कोमल गंधारापाशी येतोसा वाटला,
पण मी तसं बोललो नाही.

पुढचा गुरुवार.
पैसे खात्यात आलेले, भावाच्या यादीत नाव नाही.
कशाला जायचं म्हणत म्हणत मी गेलो.
तिघंही आधीच आलेले.
कॉरनं टेबलावर दोरखंडाचा एक तुकडा ठेवला,
ब्लफच्या एका कारखान्यातला, एकतीस सेंट,
कुणी ढुंकून बघत नाही, म्हणाला,
आणि दातात धरून ओढून दाखवला.
मोआनानं विचारलं, "फाटक रस्त्यावरून दिसतं का?"

फर्गसनं पट्टी मागितली.