सकाळपाळी

मार्गशीर्षात असलं वादळ येऊ नये.
पण भिंतीवरचं कॅलेंडर पहाटे चारला उडून
मोरीत पडलं,
तेव्हा वाद घालायला काही उरलं नाही.

बंदरावर कालपासून बावटा चढलेला.
होड्या सगळ्या खाडीत आत, दोराला दोर बांधून,
म्हशी पाण्यात बसतात तशा.
मासळी नाही, लिलाव नाही,
आज बर्फ कुणाला हवाय, असं ती म्हणाली
डब्यात भाकरी ठेवता ठेवता.
म्हणाली, आणि दोन जास्त ठेवल्या.

बर्फाचं नव्हतंच काही.
आत रज्जब होता.
काल सकाळपासून एकटा, अमोनियाच्या मशीनपाशी.
रात्रपाळीवाला कशेळीत अडकलेला,
आणि ते मशीन असं की त्याला सोडून उठता येत नाही,
तापात फणफणलेल्या पोराजवळून उठवत नाही तसं.

गाडी पहिल्या चढणीपर्यंत आली.
पुढे आकेशिया रस्त्यावर आडवा, मुळं वर करून.
तिथेच उभी केली, हॅण्डल लॉक केलं.
कोण नेणार होतं? पण केलं.

सड्यावर वारा
समोरून नव्हता, बाजूनेही नव्हता,
कातळातून निघाल्यासारखा खालून येत होता.
रेनकोटाची एक बाही गेली, बघता बघता
करवंदीच्या जाळीवरून पार.
चिऱ्याच्या खाणीत पाणी, पाण्याला लाटा,
डबक्याने समुद्राची नक्कल चालवलेली.
मी वाकून चाललो. मग बसून सरकलो.
एका ठिकाणी तर रांगलो,
डब्याची कडी दातात धरून.
हे कुणाला सांगायचं नाही असं तेव्हाच ठरवलं होतं.

पुढे मुळ्यांची कलमं.
राखणीला खिमलाल, जुमल्याचा.
खोपीचं छप्पर गेलेलं,
तो सिमेंटच्या टाकीला पाठ लावून बसलेला, बिडी न पेटवता तोंडात.
यंदाचा पहिला मोहोर भोवती चिखलात.
मालकाचा फोन लागत नव्हता
आणि तो लागू नये असंच त्याला वाटत असावं.
"किधर?"
"कामाला."
तो म्हणाला, हमारे उधर बर्फ गिरता ना,
तो दो-दो महिना रस्ता बंद. कोई जाता नहीं कामपर.
आग के पास बैठता, आलू खाता.
"तुम क्या काम करता?"
"बर्फ बनाता," म्हटलं.
तो इतका हसला
की बिडी पडली, पाण्यातून वाहत गेली,
आम्ही दोघं तिच्याकडे बघत राहिलो.
मग त्याने खताच्या गोणीला तीन भोकं पाडली
आणि माझ्या डोक्यातून घातली.
छातीवर युरिया, पंचेचाळीस किलो.

घाटी उतरताना खाली बंदर दिसलं.
दिसलं म्हणजे,
जिथे ते असतं तिथे पांढरं काहीतरी हलत होतं.

कारखान्याचं दार आतून लावलेलं.
हाका मारल्या. चिरा घेऊन ठोकलं.
रज्जबने उघडलं, डोळे लाल, खांद्यावर गोणपाट.
वीज रात्रीच गेलेली, जनरेटर धापा टाकत होता.
"मला वाटलं, मालक."
"मालक येतोय या वाऱ्यात!"
त्याने मला सुई दाखवली, व्हॉल्व्ह दाखवले,
एकेक, बोट ठेवून,
अकरा वर्षांत मी ते कधी बघितलेच नसल्यासारखे.
किती डिझेल उरलं ते दोनदा सांगितलं.
मग माझ्या पायांकडे बघून म्हणाला,
"चालत?"
मी डबा उघडला. भाकरी कोरडी होती,
सगळ्या अंगात तेवढंच कोरडं.

मस्टर पुढे ओढलं.
यायची वेळ, या रकान्यात मी डोळे मिटून सहा लिहितो.
आज पावणेदहा लिहिलं.
बोटावरून थेंब पडला, दहा पसरले,
नऊसुद्धा वाचता येईल, कुणाला वाचायचं असेल तर.

रज्जबची सुटी झाली, पण जाणार कुठे?
साच्यांवर फळी टाकली,
माझी युरियाची गोणी घडी करून उशाला घेतली
आणि तो बर्फावर आडवा झाला.
झोपेत एकदा म्हणाला, "सुई बघ."
बघतोय, म्हटलं.