एक मायक्रोव्होल्ट

सातपूरच्या शेडमध्ये
थर्माकोलच्या खोक्यात नायट्रोजन उकळतोय
उणे एकशे शहाण्णववर.
तिकडे निफाडचा पारा चारवर उतरला
म्हणून बागांमधून रात्रभर शेकोट्या,
आणि आम्ही इथे थंडी उसनी आणतो:
निंबाअण्णा भामरे, स्कूटरवर, पायांत कॅन धरून,
गुरांच्या दवाखान्यातून.

पट्टी चार मिलिमीटर रुंद.
दोन तारा प्रवाह देतात,
दोन नुसत्या कान लावून बसतात.
साठ अँपिअर. शून्य.
ऐंशी. शून्य.
शंभर, तरी आकडा ढिम्म.
"मीटर मेलाय का हो मॅडम?"
नाही अण्णा. वाहणारं कुठेच घासलं नाही
की असंच दिसतं.

एकशे बारा.
शेवटचा अंक थरथरला.
सेंटीमीटरमागे एक मायक्रोव्होल्ट,
एवढीशी कुरकुर.
इथेच हात आवरायचा.
सोमवारी मी तीन अँपिअर पुढे गेले,
बटण सापडेपर्यंत
पट्टी गेली होती. आवाजसुद्धा नाही.

दुसरी पट्टी एकसष्टलाच बोलली.
काल तिला डाख देताना
माझा फोन वाजला होता,
लोखंड जरा जास्त वेळ टेकलं.
"खराब म्हणून लिहा," अण्णा म्हणाले.
मी एकसष्ट लिहिलं,
आणि शेऱ्याच्या रकान्यात
डाख कुणी दिला ते.

पाचला कॅन परत द्यायचाय.
तळाला दोन बोटं उरलंय.
तेवढ्यात मखमलाबादच्या गायींच्या नळ्या
उद्यापर्यंत गार राहतील,
अण्णा किक मारता मारता सांगतात.