ओहायोतलं मीठ

आरोग्य केंद्र म्हणजे जिमच्या मागची
दोन खोल्यांची बैठी इमारत.
दारात मीठ पसरलंय, जाडं, निळसर,
बर्फ वितळावा म्हणून.
सांडलेलं मीठ देवाघरी पापण्यांनी वेचावं लागतं
असं बार्शीला म्हणतात.
मी कडेकडेनं जाते.
बूट घसरतो.

फॉर्मवर नऊ प्रश्न.
गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा:
अजिबात नाही, काही दिवस,
निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज.
झोप. भूक. कशातच रस न वाटणं.
पेन दोरीनं बांधलेलं, बँकेतल्यासारखं.
म्हणजे इथेही लोक पेनं पळवतात,
एवढ्यानंसुद्धा जरा हलकं वाटलं.

निम्म्याहून जास्त कसे मोजायचे?
सोमवारी रसायनशास्त्राच्या तासाला गेले नाही,
दिवसभर पांघरुणात अपराधी पडून राहिले,
आणि तास रद्द होता हे संध्याकाळी कळलं.
बुधवारी मेसमध्ये भांड्यांची पाळी.
साडेतीनशे ताटल्या, वाफेनं चष्मा आंधळा,
आणि लोरेटा ओरडली,
अगं पोरी, घासून घासून कड घालवशील तिची!
त्या तासाभरात मी ठीक होते.
तो तास कुठल्या रकान्यात?
गुरुवार आठवतच नाही.

मिसेस क्विग्ली विचारते, घरी बोलतेस ना?
बोलते की. रोज.
इथले रात्रीचे नऊ, तिकडे सकाळचे साडेसात,
आईचा डबा भरून झालेला, तहसील ऑफिसची घाई.
ती म्हणते, बरी आहेस ना?
मी म्हणते, बरी आहे.
ती म्हणते, बरं.
तीन वाक्यांत आमचं उरकतं.

तो शब्द काय? मिसेस क्विग्ली थांबवते.
बरं.
म्हणजे छान?
छानच्या बऱ्याच पायऱ्या खाली, मी सांगते.
ताप उतरला की बरं वाटतं.
भांडण नको असलं की बरं बाबा.
आणि कुणी सांगता सांगता गप्प झालं
की आपण म्हणायचं, बरं, मग?
ती वहीत लिहून घेते,
मग पेन खाली ठेवते आणि म्हणते,
बरं, मग?
उच्चार इतका वाकडा
की मला हसू येतं, आणि हसता हसता
टिशूचा डबा माझ्याकडे सरकलेला दिसतो.

मग मी कुत्र्याचं सांगितलं.
परीक्षेच्या आठवड्यात लायब्ररीत कुत्री आणतात,
कुरवाळायला, ताण जावा म्हणून. रांग लागते.
माझा नंबर आला तेव्हा माझं कुत्रं झोपलं होतं.
दमलाय बिचारा, बाई म्हणाली, उठवू का?
मी म्हटलं, नको.
दहा मिनिटं नुसती शेजारी बसले.
त्याचं पोट वर, खाली, वर.
त्या महिन्यातलं माझं
सगळ्यात लांब बोलणं तेच.

पुढची वेळ मंगळवारी अकराला.
कार्डावर तिनं माझं नाव लिहिलं, मृण्मयी,
दोन चुका, पण पूर्ण.

बाहेर अर्ल, मैदानं आणि रस्ते सांभाळणारा,
बादलीतून मीठ फेकत होता.
कुठून येतं एवढं? मी विचारलं.
एरी तळ्याखालून, म्हणाला, तळाच्याही खाली खाण आहे.
वर पाणी, त्याखाली माणसं मीठ फोडतात.
एवढं मीठ!
साऱ्या ओहायोच्या पापण्या लावल्या तरी
कधी वेचून होणार?

जरा हात लावतेस? तो म्हणाला. पाठ गेलीय माझी.
मी डबडं घेतलं.
पहिली फेक माझ्याच बुटांवर.
दुसरी पायरीवर नीट पडली,
आणि बर्फातून बारीक कडकड ऐकू आली,
पापड मोडावा तशी.

रसायनशास्त्राला उशीर झाला.
गेले.