साहित्य नोंदवही, पान चौदा

पेटीत वर्तुळं पाच, चौकोन पाच, त्रिकोण चार.
पाचवा त्रिकोण माझ्या आधीच्या बाईंच्या काळातच गेला,
कुठे, ते वहीत नाही.
दर सोमवारी मी मोजते, सही करते,
आणि कुणी हात लावला की म्हणते,
जपून रे, सरकारी आहेत.

पिळगावची आमची अंगणवाडी
खाजनाच्या बांधाला पाठ टेकून बसली आहे.
मागच्या खिडकीतून भरती दिसते,
मानशीची काळी लाकडी दारं दिसतात,
कधी दारावर बसलेला बगळा.
मी त्या खिडकीवरच तक्ता टांगला होता.
हे काय? गोल.
हे काय? गोल.
एकोणीस तोंडं एका दमात.

विसावा सोयरू.
पणजोबांचं नाव अंगाला दोन मापं मोठं होणारा,
साडेचार वर्षांचा,
गोलाकडे पाठ करून
नळाखालच्या चिखलात कोपरापर्यंत.

त्या दिवशी पेटीतलं तांबडं वर्तुळ त्याच्या हातात दिसलं
आणि मी उठले. रागवायलाच उठले, खोटं कशाला सांगू.
पण गुडघे दुखतात, वाकायला वेळ लागतो,
तेवढ्या वेळात मला दिसलं:

चिखलाचा बांध, वीतभर उंच.
बांधातून आरपार प्लंबरने टाकून दिलेला पाइपचा तुकडा.
पाइपच्या तोंडावर, आतल्या अंगाला,
माडाच्या ईराला दोऱ्याने लोंबकळवलेलं
माझं वर्तुळ.

बाजूला एक चौकोन पडलेला, कोपरे चिखलाने माखलेले.
एक त्रिकोण, तोही ओला.
"हो अडकता," तो चौकोनाकडे बोट दाखवून म्हणाला.
"आनी हो गळटा."
सहा महिन्यांत माझ्याशी बोललेली
ही त्याची पहिली दोन वाक्यं.

मग त्याने आतल्या बाजूने डबा ओतला.
वर्तुळ पाइपच्या तोंडाला जाऊन चिकटलं. थेंब नाही.
बाहेरून ओतला,
वर्तुळ अलगद उचललं गेलं, पाणी आत.
तो थबकला.
उलटं झालं होतं.
खाऱ्या पाण्याने त्याचं शेत बुडालं होतं.

माझ्या जिभेवर उत्तर आलं होतं, अगदी टोकावर.
गिळलं.
बावीस वर्षांच्या नोकरीत एवढं जड काही उचललं नव्हतं.

मुलं भोवती जमली. जोव्हिटाने करवंटी आणली,
कुणी खडा, कुणी नुसताच सल्ला.
खिचडी निवली.
सोयरूने ईर उपटला, बांधाला वळसा घातला,
दार दुसऱ्या अंगाला लावलं.
ओतलं.
मिटलं.

संध्याकाळी त्याच्या घरी गेले.
आई अंगणात तिसऱ्यांची पाटी घेऊन बसलेली.
"बाई, तुम्हीच सांगा त्याला. घरी पाटीला शिवत नाही,
शेजारचा पोर शंभरपर्यंत म्हणतो."
ती बोलत होती तोवर हा
एकेक शिंपली दुसरीवर वाजवत होता.
टक, ती टोपात.
टक, टोपात.
ठप्प, ती परसात भिरकावून दिली.
"ही का टाकली?"
"चिखोल," तो म्हणाला. वर न बघता.
मी त्यातली एक उघडून बघितली.
चिखल.

"हे कुणी शिकवलं त्याला?"
आई हसली, जरा ओशाळून.
"हे कसलं शिकणं, बाई? हे तर काम."

तक्ता आता दुसऱ्या भिंतीवर आहे.
खिडकीत मुलं असतात, ओहोटीला जास्त.
रोज काही घडतं असं नाही.
बहुतेक दिवस नुसता चिखल होतो,
मदतनीस चंद्रावती लादी पुसताना माझ्या नावाने पुटपुटते,
आणि त्यात तिची चूक नाही.

आज सोमवार.
चौकोन पाच, धुऊन वाळवले. त्रिकोण चार.
वर्तुळं चार.
पाचवं भिजून फुगलं, पापुद्रे सुटले,
तरी अजून नळाखाली उघडतं, मिटतं.
पर्यवेक्षिका बुधवारी येतील.
वहीत शेवटचा रकाना असतो, कमी झाल्याचे कारण.
हरवले, मोडले, उंदराने कुरतडले,
एवढंच आजवर लिहिलेलं आहे सगळ्यांनी.

मी पेन झटकलं
आणि लिहिलं:
कामाला लागले.